अहेरीच्या सागवनाखालची जमीन

आलापल्लीहून भामरागडकडे जाणारा रस्ता ज्या सागवनातून जातो, त्याची कीर्ती विदर्भाची सरहद्द ओलांडून केव्हाच दूरवर पोहोचलेली आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली बल्लारपूरच्या आगारातून जे सागवान रवाना झाले ते याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतले. आणि याच रस्त्यालगत राखून ठेवलेला, ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ या नावाने ओळखला जाणारा सुमारे सहा हेक्टरांचा जुना वनखंड २०१४ साली राज्यातील पहिले जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. तिथे येणारा प्रवासी साहजिकच मान वर करून पाहतो; खोडाचा घेर, त्याची सरळ चढत गेलेली उंची, वर पसरलेला पर्णसंभार हे सारे त्याच्या डोळ्यांत भरते, आणि ज्या जमिनीने हे उभे केले व आजही तोलून धरले आहे तिच्याकडे पाहण्याचे त्याला प्रयोजन वाटत नाही. वस्तुतः या अरण्याचे मूळ भांडवल जमिनीच्या वरच्या वीतभर थरात साठलेले आहे. ते कोठून आले, कशाने टिकते आणि कशाने सरते हे समजून घेतल्यावाचून अहेरीच्या जंगलाचे मोल आपल्याला करता येणार नाही.

अहेरी ही जुन्या चांदा जिल्ह्यातील सर्वांत मोठी जमीनदारी. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा हा सारा मुलूख नव्या जिल्ह्यात गेला. मध्यप्रांताच्या अमदानीत जमिनीचे बंदोबस्त झाले, त्या वेळी सरकारी दप्तरात जमिनीची प्रतवारी लोकांच्याच तोंडच्या नावांनी नोंदली गेली: काळी आणि भारी ती कन्हार, चुनखडीचे खडे किंवा थोडी वाळू मिसळलेली ती मोरंड, त्याहून फिकी आणि हलकी ती खरडी, तांबूस-पिवळसर वाळूमिश्रित ती वरडी, खडेगोटे असलेली ती बरडी, नुसती रेती ती रेतारी आणि नदीकाठच्या गाळाची ती कछार. या नावांमागे रसायनशाळा नव्हती. परंतु नांगर किती खोल जातो, पाऊस थांबल्यावर ओल किती दिवस राहते, धानाच्या बांधीत पाणी ठरते की झिरपून जाते, पाठोपाठ रब्बी निघते की नाही, ही पिढ्यान्‌पिढ्यांची कसोटी त्यांच्यामागे उभी होती, आणि आधुनिक मृदाशास्त्राने या वर्गांतले पुष्कळसे भेद खरे ठरवले आहेत. उणीव एवढीच, की ही सारी प्रतवारी लागवडीखालच्या जमिनीची होती. जंगलाखालची जमीन सारा देत नव्हती, म्हणून तिची प्रत लावण्याचे कोणाला कारण पडले नाही. तिच्याकडे जिज्ञासेने पाहण्याची दृष्टी पुढे शास्त्राने दिली. जमीन म्हणजे केवळ खडकाचा भुगा नसून खडक, हवामान, जीवसृष्टी, भूमीचा उंचसखलपणा आणि काळ या पाचांच्या संयोगातून घडलेली स्वतंत्र वस्तू आहे, हा विचार रशियाच्या डोकुचाएव्ह यांनी १८८३ साली काळ्या मातीवरील आपल्या ग्रंथात मांडला. आणि आज आपल्याकडे नागपूरला, १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेत, देशभरच्या जमिनींचे नकाशे याच विचाराच्या पायावर तयार होतात.

अहेरीच्या जमिनीचा पाया मोठा विलक्षण आहे, कारण एवढ्याशा टापूत पृथ्वीच्या इतिहासाची तीन दूरदूरची पर्वे शेजारी आलेली आहेत. पूर्वेला एटापल्ली-भामरागडकडे अडीचशे कोटी वर्षांहून जुने ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म म्हणजे नाइस जातीचे खडक आहेत, आणि त्यांच्याच सोबतीला सुरजागडचे लोहखनिज. पश्चिमेला प्राणहितेच्या खोऱ्यालगत गोंडवन काळाचे वालुकाश्म पसरलेले असून सिरोंचा तालुक्यात वडधम येथे अश्मीभूत झालेली झाडे आणि कोटा गावच्या परिसरात प्राचीन जीवांचे अवशेष याच थरांत सापडले. आणि या दोहोंच्या पलीकडे, चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्ह्याची पूर्वसीमा येते. म्हणजे अहेरी स्वतः अग्निजन्य काळ्या पत्थराच्या पठारावर वसलेली नाही. तिच्या अरण्याची जमीन मुख्यतः जुन्या स्फटिकी खडकांची आणि वालुकाश्मांची आहे. तरीही ज्वालामुखीच्या पदार्थाचा अंश तिच्या दारापर्यंत आलेला आहे, आणि त्याचा मार्ग पुढे सांगायचा आहे.

आता प्रत्यक्ष जमीन पाहू. जंगलातल्या एखाद्या नाल्याने पावसाळ्यात काठ कापून काढला, किंवा रस्त्यासाठी उतार खोदला गेला, की जमिनीचा उभा छेद आपोआप डोळ्यांसमोर येतो. त्यासाठी कुदळ चालवावी लागत नाही. कोवळ्या सागवनाऐवजी साग, ऐन, बीजा, धावडा, तेंदू, मोह आणि खाली बांबू अशा मिश्र वनातला छेद निवडावा आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पाहावा, कारण त्या वेळी पानगळ झालेली असते आणि सर्वांत वरचा थर पूर्ण भरात असतो.

हा वरचा थर अद्याप माती झालेला नाही. सागाची रुंद, खरखरीत, वाळून आक्रसलेली पाने एकावर एक पडलेली असतात. ती बाजूला सारली तर खाली गेल्या वर्षीची पाने लागतात, ज्यांचा मांसल भाग नाहीसा होऊन शिरांची जाळी तेवढी उरलेली असते. आणि तीही उचलली तर खाली काळसर, ओलसर, कुजकट पण मुळीच घाण नसलेल्या वासाचा भुगा हाती येतो, ज्यात पांढऱ्या बुरशीचे तंतू एका पानातून दुसऱ्या पानात शिरलेले स्पष्ट दिसतात. पाऊस सुरू झाला की या थराचा बहुतांश भाग त्या एका पावसाळ्यातच कुजून जातो, कारण ऊब आणि ओल या दोन्ही गोष्टी तेव्हा एकत्र येतात. थंड देशांतल्या सूचिपर्णी अरण्यांत अशी पाने वर्षानुवर्षे साचून जाड गादी होते. येथे ती होत नाही, आणि म्हणून अहेरीच्या जमिनीला दरवर्षीचे दान दरवर्षी मिळाले तरच तिचे भागते.

त्याखाली खऱ्या मातीचा पहिला थर, ज्याला शास्त्रज्ञ ‘अ’ थर म्हणतात. तो चार बोटांपासून वीतभरापर्यंत असतो. रंग गडद तपकिरी, रचना रवाळ. मूठभर उचलून हलके दाबले तर ही माती गोळा न होता लहान लहान रव्यांत सुटते, आणि प्रत्येक रव्याच्या आत-बाहेर केसांसारखी बारीक मुळे गुंतलेली असतात. हे रवे कसे होतात याचे उत्तर गांडुळे, वाळवी आणि बुरशी यांच्यापाशी आहे. गांडुळे माती आणि कुजलेले पान एकदमच पोटात घेऊन एकजीव करून बाहेर टाकतात, आणि या संथ कामाने शेते-कुरणांचा पृष्ठभागच कसा बदलून जातो हे डार्विनने १८८१ साली एक संबंध ग्रंथ लिहून दाखवले होते. अहेरीसारख्या कोरड्या उन्हाळ्याच्या प्रदेशात मात्र या कामाचा मोठा वाटा वाळवी उचलते. खालच्या थरातली बारीक माती कणाकणाने वर आणून ती वारुळे रचते. अस्वल मुंग्या-वाळवी खाण्यासाठी ती फोडते, पाऊस ती वितळवतो, आणि वरच्या जमिनीवर नव्या मातीचे पांघरूण पसरते. वारूळ म्हणजे झाडाचा शत्रू अशी जी एक सरसकट समजूत आहे, ती अरण्यापुरती तरी सोडून द्यावी असे मला वाटते.

पुढचा थर ‘ब’. येथे पोहोचताच छेदाचा रंग बदलतो. तपकिरी जाऊन तांबूस येतो, माती घट्ट होते, आणि सुरीच्या टोकाने टोकरल्यास ती रव्यांऐवजी कोनदार ढेकळांत सुटते. त्यांतले एखादे ढेकूळ हलक्या हाताने फोडून त्याची बाजू उन्हात तिरपी धरली, तर तिच्यावर मातीचाच एक पातळ चकचकीत लेप दिसतो. तो शेकडो-हजारो पावसाळ्यांचा दस्तऐवज आहे. वरून झिरपणाऱ्या पाण्याने वरच्या थरातील अतिसूक्ष्म चिकणमाती आपल्याबरोबर खाली आणली, भेगांतून उतरताना पाणी जमिनीत मुरून गेले, आणि मातीचा लेप मागे भिंतीवर चिकटून राहिला. त्यामुळेच वरचा थर हलका आणि खालचा भारी अशी विभागणी होते. तांबडा रंग लोहाचा. खडकातील लोहयुक्त खनिजे झिजून त्यांचा गंज मातीच्या कणांवर बसला, आणि जिथे पाण्याचा निचरा चांगला आहे तिथे तो लालच राहिला. सखल भागात, जिथे पाणी तुंबते, तिथे हाच थर पिवळट किंवा करडा होतो, आणि रंगाच्या या एका खुणेवरून जाणता माणूस तेथे साग चांगला येणार नाही हे ओळखतो. कारण सागाला मुळांशी साचलेले पाणी सोसत नाही.

‘ब’ थराच्या खाली मुरूम. यात खडकाचा आकार अजून ओळखू येतो, अभ्रकाचे कवडसे चमकतात, गारेचे खडे बोटाला टोचतात, पण नखाने खरवडले की सारे सुटते. आणि त्याहीखाली कातळ. सागाची जाड मुळे मुरमाच्या भेगांतून पुष्कळ खोल जातात आणि उन्हाळ्यात तिथली ओल वर खेचतात. परंतु अन्न शोधणारी बारीक मुळे बहुतेक सारी त्या वरच्या वीतभर थरातच असतात. चाळीस-पन्नास हात उंचीच्या झाडाचा संसार अशा रीतीने अगदी उथळ जागेत चाललेला आहे.

मातीचे गुण पुष्कळसे तिच्या कणांच्या आकारावर ठरतात. दोन मिलिमीटरपासून मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शापर्यंतचे कण ते वाळू. मिलिमीटरच्या पाचशेव्या हिश्शाहूनही बारीक ते चिकणमाती. आणि या दोहोंच्या मधले ते पोयट्याचे, नदीच्या गाळात प्रामुख्याने आढळणारे सूक्ष्म कण. ओल्या मातीची चिमूट अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळली तर वाळू खरखरते, चिकणमाती चिकटून तिची पट्टी ओढता येते, आणि पोयटा पिठासारखा मऊ लागतो, पण चिकटत नाही. ज्या जमिनीत निम्म्याहून अधिक पोयटा आणि सुमारे एक-चतुर्थांशापर्यंत चिकणमाती असते तिला गाळवट पोयट्याची जमीन म्हणावे. वाळू पाणी लगेच सोडते; चिकणमाती पाणी धरते, पण इतक्या आवळून की झाडाला ते ओढता येत नाही; आणि पोयटा पाणी धरतो तेही झाडाला देता येईल अशा बेताने. ज्या प्रदेशात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत बहुतेक सारा पाऊस पडून पुढचे आठ महिने जवळजवळ कोरडे जातात आणि वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, तिथे या एका गुणाचे महत्त्व किती हे वेगळे सांगायला नको.

आणि इथेच ज्वालामुखीच्या राखेची आठवण होते, कारण पोयट्याच्या आकाराचे कण आभाळातून एकदम अंथरण्याचे काम निसर्गात तिच्याइतके कोणी केलेले नाही. ही राख जळणातून उरलेली नसते. वितळलेला खडक वायूंच्या दाबाने फुटून त्याच्या अतिसूक्ष्म काचेच्या चुऱ्याचा ढग आकाशात चढतो, आणि वारा नेईल तिकडे जाऊन खाली बसतो. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातील माझामा नावाचा पर्वत सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी असा फुटला आणि स्वतःतच कोसळून गेला. आज त्या जागी क्रेटर लेक हे सुमारे ५९४ मीटर खोल सरोवर आहे. त्याची राख पूर्वेकडे वॉशिंग्टन, आयडाहो आणि माँटानापर्यंत पसरली, आणि तेथील डोंगरांतल्या सूचिपर्णी वनांखाली ती आजही हातभर जाडीच्या आवरणाच्या रूपाने जागच्या जागी आहे. तिची माती अतिशय हलकी: साध्या जमिनीच्या एक लिटर कोरड्या मातीचे वजन सव्वा ते दीड किलो भरते, तर या राखेच्या मातीचे नऊशे ग्रॅमहूनही कमी. काच झिजून तिच्यातून ॲलोफेन नावाचे एक विरल रचनेचे खनिज तयार होते. त्यात असंख्य सूक्ष्म पोकळ्या असल्याने ही माती पाणी भरपूर साठवते, आणि कुजलेल्या पानांचा अंश इतका घट्ट धरून ठेवते की तो सहजासहजी नष्ट होत नाही. जपानमध्ये अशाच राखेच्या काळ्या मातीला कुरोबोकू म्हणतात. तिचा एक दोषही आहे: स्फुरद ती अशी आवळून धरते की पिकाला ते मिळणे दुरापास्त होते. अमेरिकी मृदाशास्त्राने अशा जमिनींचा अँडिसॉल नावाचा स्वतंत्र गण १९९० साली मानला. साऱ्या भूपृष्ठाचा जेमतेम शंभरावा हिस्सा या गणात मोडतो.

महाराष्ट्रावर अशी राख कधी पडलीच नाही असे मात्र नाही. सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीचा सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी जो महाभयंकर उद्रेक झाला, त्याची राख बंगालचा उपसागर ओलांडून भारतभर उतरली. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीच्या काठी बोरी येथे आणि कऱ्हेच्या काठी मोरगाव येथे राखेचे पांढुरके थर नदीच्या जुन्या गाळात आढळले. बोरीच्या थराशी अश्मयुगीन हत्यारे निगडित असल्याने त्याच्या वयावरून विद्वानांत मोठा वाद झाला. कोणी ती टोबाच्या या शेवटच्या उद्रेकाची मानली, तर कोणी कित्येक लक्ष वर्षे मागे नेली. जमिनीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडे ही राख जिथे नदीच्या गाळाखाली झाकली गेली तिथेच उरली. उघड्या उतारांवर पडलेली राख आपल्या मुसळधार पावसापुढे टिकली नाही. माझामाच्या राखेवर सूचिपर्णी वृक्षांचे कायमचे छत्र आणि मुख्यतः हिमाचे, हळूहळू वितळणारे पाणी होते. दख्खनला ते भाग्य नव्हते. तेव्हा आयडाहोच्या अरण्याला जे जलधारक आवरण एकदाच आभाळातून मिळाले, ते अहेरीच्या अरण्याला स्वतःच घडवावे लागते, आणि पुन्हा पुन्हा घडवावे लागते.

ज्वालामुखीचा जो अंश अहेरीला लाभला आहे तो राखेच्या नव्हे, गाळाच्या रूपाने, आणि तो आणला वर्धा नदीने. बैतूल जिल्ह्यात मुलताईजवळ उगम पावून ही नदी विदर्भाच्या काळ्या पत्थराच्या मुलखातून वाहते, यवतमाळच्या बाजूने येणारी पैनगंगा पोटात घेते, आणि या साऱ्या प्रदेशातील बेसॉल्टची झीज, म्हणजेच कापसाच्या काळ्या जमिनीचे सूक्ष्म कण, गढूळ पाण्याबरोबर पुढे नेते. शिवनी जिल्ह्यातून निघालेली वैनगंगा आपल्या वाटेतला बराच मोठा भाग जुन्या स्फटिकी खडकांतून काढते, आणि तिच्या गाळात रेती व अभ्रक अधिक. चपराळा अभयारण्याजवळ या दोघींचा संगम होऊन प्राणहिता होते, आणि सुमारे ११३ किलोमीटरांची वाट चालून सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. अहेरीच्या बाजूच्या कछारी जमिनींत म्हणूनच दोन्ही वंशांची माती एकत्र आलेली आहे: लाव्ह्यातून झिजलेली चुना-मॅग्नेशियमयुक्त काळी, आणि ग्रॅनाइटमधून सुटलेली फिकी रेताड. पूर ओसरल्यावर काठावर जो ताजा थर उरतो तो बोटांत चोळून पाहिला तर पोयट्याचा तो मऊ स्पर्श लगेच कळतो. अशा गाळावर मिरची आणि रब्बीची पिके सिंचनावाचून ओलीवर तग धरतात, आणि पाणी आटल्यावर नदीच्या पात्रातल्या रेतीगाळात डांगरवाड्या लागून कलिंगडे-काकड्या पिकतात.

पण नदीकाठची ही श्रीमंती जंगलाच्या उतारावर चढत नाही. तेथील झाडाने काय करावे? त्याने काय केले आहे ते पाहण्यासारखे आहे. सागाला चुन्याची विशेष गरज असते. त्याची खोल मुळे मुरमातून हा चुना आणि इतर क्षार उचलतात, ते पानांत जातात, पान गळते, आणि वरच्या थरात कुजून तो चुना मोकळा होतो. मुरमात वर्षानुवर्षे अडकून पडलेले द्रव्य अशा रीतीने दर साली पृष्ठभागावर येते, आणि तेथे ते उथळ मुळांना, गवताला, बांबूला, रोपट्यांना मिळते. कुजलेल्या पानांचा काळा अंश मातीच्या रव्यांत गुंतून पाणी धरतो, आणि हे रवे मोडले नाहीत तर मुसळधार पाऊसही वाहून न जाता आत मुरतो. ॲलोफेनने जे काम दूरच्या देशांत केले, ते येथे पान, बुरशी, गांडूळ आणि वाळवी मिळून करतात. एक इंच माती घडायला शतके लागतात हे खरे. पण या वरच्या थराचा कस टिकवायला मात्र दरवर्षीचे पानच हवे, त्याला पर्याय नाही.

म्हणून वणव्याचा प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले टपटप पडू लागतात, आणि पाचोळ्यात ती वेचणे अवघड म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळला जातो. तेंदूच्या झुडपांना नवी पालवी फुटावी म्हणूनही आग लावली जाते. आणि त्या वाळलेल्या दिवसांत ठिणगी ठरल्या जागी थांबत नाही. वणव्यानंतर जी राख उरते तिच्यात चुना आणि पालाश असतात, म्हणून पहिल्या पावसानंतर गवत तरारते आणि आगीने जमीन सुधारली असा समज होतो. परंतु पानांतला बहुतेक नायट्रोजन धुरावाटे हवेत गेलेला असतो, बुरशीचे तंतू आणि वरचे जीव भाजलेले असतात, आणि ती राख पाण्यात विरघळणारी असल्याने पहिल्याच जोरदार सरींत तिचा मोठा भाग नाल्यात जातो. ज्वालामुखीची काच हळूहळू झिजून सहस्रावधी वर्षे जमिनीत राहते. वणव्याची राख एका पावसाळ्यात आपले देणे देऊन मोकळी होते.

याला आणखी एका गोष्टीची जोड मिळते, जी सागाच्या बाबतीत विशेष आहे. त्याचे पान एवढे मोठे असते की पावसाचे बारीक थेंब त्यावर एकत्र होऊन मोठे थेंब बनतात आणि उंचावरून जोराने खाली पडतात. खाली झुडपे, बांबू आणि पाचोळा असेल तर हा मारा तिथेच जिरतो. जिथे फक्त सागच लावला आहे, खालचे रान काढून टाकले आहे, आणि उन्हाळ्यात आग फिरून गेली आहे, तिथे प्रत्येक थेंब उघड्या मातीवर आदळून तिचे रवे मोडतो. सुटलेले पोयट्याचे कण छिद्रांत जाऊन बसतात. पृष्ठभाग लिंपल्यासारखा होतो, पाणी मुरत नाही, आणि ते वरचा थर घेऊनच निघते. अशा रोपवनात फिरताना झाडांच्या बुंध्यांशी मुळे उघडी पडलेली आणि उतारावर बोटभर खोल चऱ्या कोरल्या गेलेल्या दिसतात. मिश्र वनाची भरपाई शुद्ध सागाच्या रोपवनाने होते असे मानणाऱ्यांनी एकदा तरी मान खाली घालून ही जमीन पाहावी. सागाच्या लाकडाचा हिशेब घनमीटरांत, तेंदूपानांचा पुड्यांत आणि बांबूचा बंडलांत ठेवण्याची आपली सरकारी परंपरा मोठी काटेकोर आहे. जमिनीच्या वरच्या थराच्या जमाखर्चाला तशी नियमितता लाभलेली नाही, आणि ही मला साधी चूक वाटत नाही, कारण जे मुद्दल आहे त्याची नोंद न ठेवता केवळ व्याजाचा हिशेब आपण करीत आलो आहोत.

या जिल्ह्यातच याहून वेगळी वाट दाखवणारी माणसे आहेत. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाला २००९ साली वनहक्क कायद्याखाली आपल्या सामूहिक वनावरचा हक्क मिळाला. देशात तो सर्वांत आधी मिळवणाऱ्या गावांपैकी ते एक. पण त्याच्या पुष्कळ आधीपासून तेथील ग्रामसभेने जंगलाला आग लागू न देण्याचे आणि ओघळींत दगडमातीचे लहान बांध घालून माती अडवण्याचे काम हाती घेतले होते. मोहफुले वेचायची तर झाडाखालचा पाचोळा जाळण्याऐवजी झाडून बाजूला करता येतो, तो पुन्हा पसरता येतो. श्रम वाढतात हे खरे, आणि ते श्रम बहुधा बायाबापड्यांच्या वाट्याला येतात हेही खरे, म्हणून या मेहनतीचा मोबदला मोहफुलांच्या भावातून मिळाला पाहिजे. केवळ बंदीची फर्माने काढून वणवे थांबत नाहीत.

वनखात्याच्या कार्य आयोजना साधारणपणे दहा वर्षांनी नव्याने आखल्या जातात. आलापल्लीच्या त्या राखलेल्या सहा हेक्टरांत एक, शेजारच्या वारंवार जळणाऱ्या सागाच्या कक्षात एक आणि प्राणहितेच्या कछारीत एक, असे तीनच खड्डे प्रत्येक आयोजनेच्या वेळी ठरलेल्या जागेजवळ पुन्हा खणावेत. वरच्या काळ्या थराची जाडी पट्टीने मोजावी, त्यातला कुजलेल्या पानांचा अंश नागपूरच्या प्रयोगशाळेत काढून घ्यावा, आणि ही नोंद लाकडाच्या आकड्यांशेजारीच, त्याच रकान्यांच्या रांगेत, ग्रामसभांनाही वाचता येईल अशा मराठीत छापावी. त्याला लागणारा खर्च एका मोठ्या सागाच्या किमतीहून अधिक होणार नाही, आणि खड्डा मापाने कसा खणायचा, थर कसे ओळखायचे हे तर अहेरीच्या शाळेतल्या मुलांनाही एका दुपारी शिकवता येईल.